‘देम’ म्हणजे फक्त व्हॅन मॉरिसन नव्हे

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या ‘देम’ या साठच्या दशकातल्या बँडचा विषय निघाला की लोक एका वाक्यात मोकळे होतात: “व्हॅन मॉरिसनचा पहिला बँड.” दोन्ही अर्थांनी चूक. त्याआधी हा गायक ‘मोनार्क्स’ या शोबँडबरोबर जर्मनीत वाजवून आला होता. आणि ‘देम’ त्याचा नव्हताच. बिली हॅरिसन, ॲलन हेंडरसन वगैरे पोरांचा ‘गॅम्ब्लर्स’ आधीपासून होता, १९६४ मध्ये मॉरिसन त्यांना येऊन मिळाला. महाकाय मुंग्यांच्या एका जुन्या हॉलिवूडपटावरून नवं नाव घेतलं.

तेव्हा आयर्लंडभर शोबँडचं राज्य होतं. आपल्या ऑर्केस्ट्रासारखंच, एकसारखे सूट, हिट गाण्यांच्या नकला आणि पब्लिक नाचतंय. ही पोरं मात्र बेलफास्टच्या मॅरिटाइम हॉटेलात कर्कश, घामट ब्लूज वाजवायला लागली. त्यांचं गाजलेलं ‘ग्लोरिया’ तिथलंच. तीन कॉर्ड्सचं गाणं, पण तिथे म्हणे वीस-वीस मिनिटं चालायचं. रेकॉर्डवर ते जेमतेम अडीच मिनिटांचं झालं.

माझ्या मते घसरण तिथूनच सुरू झाली. डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या डिक रोने त्यांना घेतलं (हो, बीटल्सना नकार दिल्याचा ठपका ज्याच्यावर आहे तोच). स्टुडिओत मात्र बँडच्या जोडीला भाड्याचे वादक आले. ‘बेबी प्लीज डोंट गो’ या गाण्यावर जिमी पेजने (पुढे ‘लेड झेपलिन’चा गिटारवादक) नक्की काय वाजवलं, याचा वाद अजून मिटलेला नाही. ते ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेलं, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘ग्लोरिया’. पुढे १९६५ मध्येच ‘हिअर कम्स द नाइट’ दुसऱ्या क्रमांकावर, तेही न्यूयॉर्कच्या बर्ट बर्न्सने लिहिलेलं. म्हणजे सगळ्यात मोठं यश बाहेरच्या माणसाच्या गाण्यावर. ज्या पोरांनी मॅरिटाइम गाजवलं, त्यांना स्वतःच्याच रेकॉर्डवर आपली गरज किती, हा प्रश्न पडला नसेल तरच नवल.

मग माणसं गळत गेली. कीबोर्डवाला एरिक रिक्सन तर सुरुवातीलाच गेला होता. वय कमी, करारावर सही करायला आईवडील तयार नाहीत. १९६५ मध्ये हॅरिसनही बाहेर पडला.

मे-जून १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबात त्यांच्या आधी ‘द डोअर्स’ वाजवायचे. शेवटच्या रात्री दोन्ही बँड एकत्र, दोन्ही मॉरिसन (व्हॅन आणि ‘डोअर्स’चा गायक जिम) एका स्टेजवर, गाणं ‘ग्लोरिया’. तोवर पैशांवरून मॅनेजर फिल सॉलोमनशी वाजलंच होतं. दौरा संपला, मॉरिसन बेलफास्टला परतला आणि पुढच्याच वर्षी बर्न्सकडे न्यूयॉर्कला गेला.

“मॉरिसनच्या हट्टी स्वभावामुळे बँड फुटला” ही गोष्ट मला फार सोयीची वाटते. स्वभाव होताच, नाही कशाला म्हणू. पण कुणालाही बदलता येतं असं एकदा कंपनी आणि मॅनेजरने दाखवून दिल्यावर बँड एकत्र राहणार कशाच्या जोरावर?

उरलेल्यांनी केन मॅकडॉवेलला गायक म्हणून घेतलं, अमेरिकेत जाऊन १९६८ मध्ये दोन अल्बम काढले. त्यांची कुणी आठवण काढत नाही. जिम आर्मस्ट्राँगच्या गिटारसाठी तरी ऐका.