डेव्हर्सबद्दल तुमचं मत काय?

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या माणसाकडे एकवेळ ग्रीन कार्ड नसलं तरी निभावतं, पण रेड सॉक्सनी, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमने, राफाएल डेव्हर्स या आपल्या खेळाडूला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं ते बरोबर केलं का चूक, यावर मत नसेल तर मग अवघड आहे. न्हावी विचारतो. दात साफ करणारी बाई तोंडात नळी घालून विचारते आणि माझ्या "आँ आँ" वरून मी कुठल्या पार्टीतला ते ठरवून पुढची सफाई त्या हिशोबाने करते. ऑफिसात तर मीटिंगची पहिली दहा मिनिटं त्यातच जातात, आणि मी म्हटलं की बाबांनो मी बेसबॉल फार बघत नाही, तर सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मी सांगितलंय की माझ्या घरी पाणी पीत नाहीत.

आणि गंमत म्हणजे मॅचबद्दल कोणी बोलतच नाही. काल कोण जिंकलं, कोणी काय कॅच घेतला, छे. बोलायचं ते फक्त कोणाला घेतलं, कोणाला काढलं, कोणाला का नाही काढलं, आणि किती पैसे दिले. टीमची यादी २६ जणांची, तिच्यावर ४० जणांची एक मोठी यादी, वर्षाला १६२ मॅचेस, म्हणजे जवळपास रोज कोणीतरी नालायक ठरायची सोय आहेच. आपल्याकडे निदान कसोटी संपल्यावर आठवडाभर तोंडाला विश्रांती मिळायची, इथे उद्या संध्याकाळी सात वाजता परत आहेच.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड प्लंबर राहतात. त्यांना आम्ही घरात कुंपणकाका म्हणतो, कारण ते कुंपणाच्या पलीकडे असतात आणि मी गवत कापायला बाहेर पडलो की कुंपणावर हात ठेवून सुरू करतात. काका कुठलीही चर्चा बेब रूथपासून सुरू करतात, म्हणजे १९१९ सालच्या डिसेंबरात रेड सॉक्सच्या मालकाने हा महान खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीजना विकला तिथून. त्याआधी १९१८ ला जिंकलेली वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाचं अजिंक्यपद, मग थेट २००४ ला परत जिंकली, ८६ वर्षं गेली मधे, हे ते मला दर शनिवारी असं सांगतात की जणू तो व्यवहार माझ्या सहीने झाला होता. रूथ झाला की मूकी बेट्स. बेट्स २०१८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्या साली टीमने १०८ मॅचेस जिंकल्या आणि वर्ल्ड सिरीज पण, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला डेव्हिड प्राइससकट लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे रवाना केला. बदल्यात तिघं आले. त्यातले दोघं कधीच गेले, राहिलेला बिचारा बदली कॅचर. तिकडे बेट्सने २०२० आणि २०२४ अशा दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या (२०२५ ला तिसरी पण, पण तेव्हा काकांशी बोलायची सोय नव्हती). मोटर चालू ठेवून मी "हो ना, हो ना" म्हणतो. एवढ्यावर माझं छान चाललं होतं.

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये माझे सासरे आले.

बाबा डोंबिवलीचे. एका बँकेच्या स्टाफ डिपार्टमेंटमधून रिटायर झाले, म्हणजे जन्मभर बदल्या, बढत्या, सीनियॉरिटी लिस्ट, चार्जशीट हाच धंदा. अमेरिकेत सहा महिने काय करणार या काळजीने बायकोने त्यांच्यासाठी मराठी चॅनल घेऊन ठेवले होते, ते अजून तसेच आहेत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते कुंपणाशी गेले, काकांनी त्यांना रोस्टर, म्हणजे टीमची यादी, समजावलं, आणि बाबा घरात आले ते चेहरा फुललेला. म्हणाले, "जावईबापू, हा खेळबिळ काही नाही हो, ही आस्थापना शाखा आहे!"

आणि खरंच, त्यांना जे कळायला लागलं ते मला इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं. खेळाडूला वुस्टरच्या खालच्या लीगमधल्या टीममध्ये पाठवतात म्हणजे काय, तर ग्रामीण शाखेत पोस्टिंग. ऑप्शन म्हणजे ज्या वर्षांत त्याला न विचारता तिकडे पाठवता येतं ती वर्षं, साधारण तीन, मग संपलं. डीएफए म्हणजे ४० च्या यादीतून नाव काढून आठवड्याच्या आत त्याचं काय करायचं ते ठरवायचं. आणि सर्व्हिस टाइम! १७२ दिवस भरले की एक वर्ष धरायचं, सहा वर्षं झाली की तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो, म्हणून टीमा चांगल्या पोराला मुद्दाम दोन आठवडे उशिरा बोलावतात. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीतून उठलेच. "अहो म्हणजे २४० दिवस भरू नयेत म्हणून टेम्पररीला ब्रेक द्यायचो तेच!" मग आमच्या चिरंजीवांनी त्यांना शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटची केस काढून दिली, २०१५ साली त्याला असाच उशिरा बोलावला, वर्षाअखेर दिवस भरले १७१. एक दिवस कमी. बाबांनी लगेच विचारलं, ग्रिव्हन्स टाकला का? टाकला होता. हरला. ते ऐकून बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

तर आता डेव्हर्स. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा करार झाला, साडेएकतीस कोटी डॉलरच्या आसपास. तो थर्ड बेसवर खेळायचा, म्हणजे मैदानातल्या तिसऱ्या थांब्याशी फिल्डिंग करायचा. फिल्डिंग यथातथाच, पण बॅट भारी. मग २०२५ च्या सीझनआधी ॲलेक्स ब्रेगमनला आणला, तो पण थर्ड बेसवाला आणि फिल्डिंगला कितीतरी सरस, म्हणून डेव्हर्सला सांगितलं तू डीएच हो, म्हणजे फक्त बॅटिंग कर आणि बाकी वेळ बाकावर बस. तो धुसफुसला, मग बसला. मे महिन्याच्या सुरुवातीला फर्स्ट बेसवरचा ट्रिस्टन कॅसस गुडघ्याचा स्नायूबंध तुटून सीझनभरासाठी गेला, तेव्हा याला म्हणाले आता फर्स्ट बेस शिक. तो म्हणाला, ग्लोव्ह ठेवून द्यायला तुम्हीच सांगितलं होतं, आता जमणार नाही. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलून आले, एवढं ते प्रकरण गेलं.

काका भडकलेले. त्यांचं म्हणणं, एवढे पैसे घेतोस तर फर्स्ट बेस काय, स्टँडमध्ये शेंगदाणे विकायला सांगितले तरी विक. मला वाटलं बाबा व्यवस्थापनाचे जुने माणूस, ते पण तेच म्हणतील. तर नाही! बाबांनी एकच प्रश्न विचारला, "ऑर्डर लेखी होती का तोंडी?"

या एका प्रश्नावर आमच्या मागच्या अंगणात मे महिना गेला. बाबांचं म्हणणं, पगार कितीही असो, पोस्टिंग थर्ड बेसला आहे, केडर बदलायचं तर माणसाची संमती पाहिजे. काकांचं म्हणणं टीमला भोक पडलंय आणि हा नियम बघतोय. युनियनमध्ये जन्म गेलेला प्लंबर मॅनेजमेंटची बाजू मांडतोय आणि जन्मभर लोकांना चार्जशीट देणारा माझा सासरा कामगारांची! मध्ये चिरंजीव लॅपटॉप घेऊन उभे, वॉर नावाचा आकडा सांगत, म्हणजे याच्या जागी कोणीही ऐरागैरा उभा केला तर वर्षाला किती मॅचेस कमी जिंकू. बाबांनी त्याला विचारलं, हे आकडे कोण प्रमाणित करतं? तो म्हणाला दोन-तीन वेबसाइट्स, आणि प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा असतो. बाबा म्हणाले, मग ऑडिटला नाही चालणार.

जूनमध्ये रोमन अँथनी प्रकरण सुरू झालं. एकवीस वर्षांचं पोरगं वुस्टरला धुमाकूळ घालतंय आणि वर बोलवत का नाहीत, यावरून अख्खं न्यू इंग्लंड पेटलेलं. ७ जूनला त्याने ४९७ फूट लांब ग्रँड स्लॅम, म्हणजे चार रनांचा होम रन, मारला, दोन दिवसांत बढती झाली. बाबांनी पेढे आणायला सांगितले. पहिल्याच मॅचला एकही हिट नाही आणि वर फिल्डिंगला एक चूक, तर काकांनी कुंपणावरून जाहीर केलं की त्याला परत पाठवा. बाबा म्हणाले प्रोबेशनवर आहे हो तो, जरा दम धरा. इथे मात्र बाबा बरोबर ठरले, ऑगस्टमध्ये त्या पोराशी आठ वर्षांचा तेरा कोटी डॉलरचा करार झाला. काका म्हणतात ते आधीपासून हेच म्हणत होते.

मग १५ जून. फादर्स डेचा रविवार. दुपारी रेड सॉक्सनी यांकीजना तिसऱ्या मॅचमध्येही हरवलं, डेव्हर्सने होम रन मारला, काका इतके खूश की आमच्यासाठी बार्बेक्यू लावला. आणि संध्याकाळी बातमी आली, डेव्हर्सची सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवणी. त्याचे उरलेले पंचवीस कोटींच्या वरचे डॉलर जायंट्सच्या गळ्यात, आणि बदल्यात जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन हे दोन पिचर, म्हणजे बोलर, आणि दोन होतकरू पोरं. महिनाभर ज्याला हाकला हाकला म्हणत होते, तो खरंच गेल्यावर काका चिमटा हातात धरून नुसते उभे. बर्गर करपले. मग म्हणाले, "रूथ, बेट्स आणि आता हा." मी म्हटलं अहो पण तुम्हालाच तर... बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

बाबांचा आक्षेप वेगळाच. होम रन मारलेल्या दिवशी रिलीव्हिंग ऑर्डर काढायची नाही, निदान दुसऱ्या दिवशी काढायची, ही साधी पद्धत आहे. टीमचा प्रमुख क्रेग ब्रेस्लो हा येलमधून बायोफिजिक्स शिकलेला माजी पिचर आहे असं कळल्यावर म्हणाले, "तरीच! माणसाला थेट ऑफिसर म्हणून घेतलं की असं होतं, काउंटरवर बसलेला पाहिजे." तो बारा सीझन काउंटरवरच होता असं चिरंजीवांनी सांगून पाहिलं, उपयोग नाही.

पुढच्याच वीकेंडला रेड सॉक्सची मॅच सॅन फ्रान्सिस्कोत. वेळापत्रक करणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही का? तिथे डेव्हर्सने आपल्याच जुन्या टीमविरुद्ध होम रन ठोकला. आणि जुलैत हा गृहस्थ तिकडे मुकाट्याने फर्स्ट बेसवर उभा राहिला! ते बघून काका खुर्चीवरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. बाबा शांत, "तिकडे संमती घेतली असणार."

बरं, त्याच जुलैत इकडे टीम लागोपाठ दहा मॅचेस जिंकली, म्हणजे आता ट्रेड बरोबर होता असं म्हणणाऱ्यांचा ऊत. न्हावी पार्टी बदलून मोकळा. हिक्सला इकडे बेदम मार पडत होता म्हणजे ट्रेड चूक होता असं म्हणणारेही तेवढेच. मी निवांत जागा म्हणून बाबांना फेनवेला मॅच दाखवायला नेलं. १९१२ सालचं मैदान, ती डावीकडची ३७ फुटी हिरवी भिंत, मला वाटलं आता तरी डोळे भरून बघतील. आमच्या रांगेतलं कोणी चेंडूकडे बघतच नव्हतं, सगळ्या माना बुलपेनकडे, म्हणजे बदली पिचर तयारी करतात तिकडे, कोणाला उठवतायत, का उठवतायत, डावखुरा का नाही. बाबांनी पाचव्या इनिंगपर्यंत मागच्या रांगेतल्या दोघांना सर्व्हिस टाइमचे नियम समजावले होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी वाइल्ड कार्ड, म्हणजे बाद फेरीची पहिली पायरी, सुरू झाली, समोर यांकीजच. पहिली मॅच आमच्या पिचरने, गॅरेट क्रोशेने, जवळजवळ एकट्याने जिंकून दिली. दुसऱ्या मॅचला पिचर ब्रायन बेलोला तिसऱ्याच इनिंगमध्ये काढला आणि ४-३ ने हरलो, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही कारण तो विषय आमच्या गल्लीत अजून चालू आहे. तिसऱ्या मॅचला यांकीजचा कॅम श्लिटलर नावाचा नवा पोरगा आला आणि आठ इनिंग्ज, बारा जणांना स्ट्राइकआउट, एकही रन नाही. ४-०. सीझन संपला. आणि हा पोरगा कुठला, तर वॉलपोलचा. मॅसॅच्युसेट्सचा! शिकला बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नमध्ये! २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, सातव्या फेरीपर्यंत कोणी विचारला नव्हता, तो यांकीजनी उचलला. काका नुसते "वॉलपोल, वॉलपोल" करत बसलेले. बाबांनी बॅग भरता भरता निकाल दिला, भूमिपुत्राला डावललं की हेच होणार, आमच्याकडे यावर पक्ष निघाले.

बाबा डोंबिवलीला परत गेले तेव्हा मला वाटलं सुटलो. नोव्हेंबरात त्यांची ईमेल आली, सोबत एक पत्र, ब्रेस्लोसाहेबांना. विषय: फर्स्ट बेसवरील रिक्त पद तातडीने भरणेबाबत. संदर्भ एक, संदर्भ दोन, सगळं शिस्तीत. मी ते छापून पोस्टात टाकायचं. टाकलं. डिसेंबरात रेड सॉक्सनी सेंट लुईसहून विल्सन कॉन्ट्रेरासला फर्स्ट बेससाठी आणला आणि पहाटे तीनला फोन, "जावईबापू, कारवाई झाली!"

जानेवारीत ब्रेगमन शिकागोला गेला, थर्ड बेस रिकामा झाला, म्हणून लगेच दुसरं पत्र आलं. यावेळी काकांनाही सही करायची आहे. मी बर्फातून कागद घेऊन गेलो तर त्यांनी सही करायच्या आधी पेनाने खाली मुद्दा क्रमांक चार घुसडला, मूकी बेट्सला परत आणावे. बाबांना फोटो पाठवला, त्यांचा निरोप आला की हे मूळ विषयाशी संबंधित नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल, आणि काकांना विचारा अर्जदार म्हणून कोणाचं नाव घालू. काकांनी माझं सांगितलंय.