रंग जिल्ह्याला, पूर ओढ्याला

एप्रिल-मे उजाडला की "यलो अलर्ट होता, आमच्याकडे थेंबही नाही" अशा पोस्टी सुरू होतात. हवामान विभागाच्या इशाऱ्याचा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो. पुणे जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा, तर वळवाचा एक ढग जेमतेम पाच-दहा किलोमीटर रुंद आणि तासाभरात विरणारा. हडपसरला झोडपून कोथरूड कोरडं राहिलं म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

आदल्या दिवशी कळतं ते एवढंच: खंडित वाऱ्यांचा पट्टा (वेगवेगळ्या दिशांचे वारे जिथे भेटतात ती रेषा) कुठून जातोय, समुद्रावरून बाष्प येतंय का, दुपारी पारा किती चढेल. ढग नेमका कुठे उभा राहणार, हे दुपार कलल्याशिवाय दिसत नाही. म्हणून अलर्टच्या दिवशी दोननंतर हवामान विभागाचा नाऊकास्ट, म्हणजे पुढच्या तीन तासांचा अंदाज, बघा, विजांसाठी 'दामिनी' अ‍ॅप उघडा. रडारच्या चित्रात ढगाचा गाभा 50 डीबीझेडच्या (ढगातून परत येणाऱ्या रडारलहरींच्या ताकदीचं माप) वर गेला की जोराची सर किंवा गारा धरून चाला. लागोपाठची तीन-चार चित्रं पाहा. ढग सरकत नसेल, किंवा त्याच जागी मागून नवे ढग येत असतील, तर ओढ्याकाठच्यांनी खरी काळजी करायची.

रडारलाही मर्यादा आहेत. मुंबईहून अर्ध्या अंशावर सोडलेला झोत पुण्यापर्यंत येताना सुमारे दोन किलोमीटर उंच गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री. जमिनीवर किती पडलं ते पर्जन्यमापकच सांगतो, आणि माझा आग्रह इथेच आहे. आपण अजून सकाळी साडेआठच्या 24 तासांच्या आकड्यात अडकलोय. 64.5 मिमी, म्हणजे हवामान विभागाच्या लेखी 'मुसळधार' जिथून सुरू होतो तेवढा पाऊस, दिवसभरात पडला तर ओढा तो निवांत वाहून नेतो. तोच तासाभरात पडला तर नाही.

हिशोब करून बघा. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासात 50 मिमी म्हणजे पाच लाख घनमीटर पाणी. माथ्यावर झाडी आणि माती असेल, त्यातलं वीस टक्केच वाहून आलं, तर ओढ्यात सेकंदाला सरासरी 28 घनमीटर. टेकडी फोडून काँक्रीट केलं, सत्तर टक्के वाहिलं, तर 97. पाऊस तोच, मोरी तीच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात काय केलं ते सहकारनगर-अरण्येश्वरकडच्यांना सांगायला नको. तो वळीव नव्हता, पण छोट्या पाणलोटावर कमी वेळात कोसळलेल्या पावसाचं गणित हेच.

महापालिकेने प्रत्येक मोठ्या ओढ्याच्या माथ्यावर तीन-चार स्वयंचलित पर्जन्यमापक बसवावेत, दर 15 मिनिटांचा आकडा थेट आपत्ती कक्षात यावा. त्या ओढ्याचा धोक्याचा आकडा आधीच ठरलेला असावा. समजा, 15 मिनिटांत 20 मिमी. तो ओलांडला की कुणाच्या सहीची वाट न पाहता काठच्या वस्त्यांत भोंगा वाजला पाहिजे, कारण एवढ्या छोट्या ओढ्याला चढायला अर्धा-पाऊण तासही पुरतो.

आणि नालेसफाई मेअखेर उरकायची रीत बदला. वळीव त्याआधी येतो, आणि मोरीच्या तोंडाशी पहिला अडकतो तो उन्हाळाभर साठलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक. जाळ्या मार्चअखेर मोकळ्या करा, प्रत्येक मोठ्या सरीनंतर पुन्हा बघा.