सिंक होतंय, ३१२ पैकी ४

चौदा तासांचा रेल्वे प्रवास, खिडकीजवळची सीट, शेजारी चार्जिंगचा पॉइंट आणि तो चक्क चालू. असा योग रोज येत नाही म्हणून मी ठरवलं की आज इनबॉक्स साफ करायचाच. वाटेत नेट नव्हतं म्हणता येईल असंच, पण ते उलट बरंच की, नवीन मेल येणार नाही, म्हणजे आधी रसद तोडायची आणि मग निवांत किल्ल्याला वेढा घालायचा. आदल्या रात्री लॅपटॉपवर 'ऑफलाइन वापरासाठी उतरवा' वर टिक केली, खालची निळी पट्टी सरकत सरकत टोकाला गेलेली या डोळ्यांनी बघितली आणि झोपलो.

गाडी सुटली, पहिला मेल उघडला. विषय दिसतोय, पाठवणाऱ्याचं नाव दिसतंय, तारीख दिसतेय आणि मजकुराच्या जागी एक अतिशय सभ्य वाक्य, की या मेलचा मजकूर सर्व्हरवरून उतरवलेला नाही, वाचायचा असेल तर ऑनलाइन व्हा. दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच. सगळी पाकिटं आली होती, आतली पत्रं नव्हती. मग सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर टिक इनबॉक्सला नव्हतीच, ती लागली होती त्याच्या खालच्या फोल्डरला, ज्याचं नाव 'नंतर वाचू' आहे आणि ज्यात मी गेली कित्येक वर्षं काहीही वाचलेलं नाही. ते मात्र सगळं अथपासून इतिपर्यंत उतरलं होतं, चित्रांसकट.

इनबॉक्समधले थोडेच मेल मजकुरासकट होते, आणि ते कोणते, तर जे मी आधी उघडून, वाचून, 'ह्याला सावकाश उत्तर देऊ' म्हणून सोडून दिले होते, कारण एकदा उघडल्यामुळे त्यांची प्रत मशीनवर राहिली होती. म्हणजे चौदा तास मी आणि माझी पापं, समोरासमोर.

पण एक सांगतो, ऑफलाइन असताना माणूस फार कर्तबगार वाटतो स्वतःला. सतरा उत्तरं लिहिली. एकेक असं मुद्देसूद की मलाच आश्चर्य वाटलं. प्रत्येक वेळी 'पाठवा' दाबलं की मेल गुपचूप आउटबॉक्समध्ये जाऊन बसायचा आणि मला वाटायचं गेला. आणि ज्यांचा मजकूर दिसत नव्हता ते मी नुसत्या विषयावरून डिलीट करत सुटलो, 'रिमाइंडर', 'पुन्हा रिमाइंडर', 'शेवटचा रिमाइंडर', असे ३१२ उडवले. उतरायच्या आधी इनबॉक्समध्ये नऊ मेल होते. फोटोसुद्धा काढला स्क्रीनचा, तो आहे अजून, पुरावा म्हणून.

स्टेशनवर फोनचा हॉटस्पॉट लावला आणि सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि सर्व्हर यांचा आपसातला हिशोब जुळवणं, सुरू झालं.

पहिली दोन उत्तरं गेली. तिसऱ्याला २० एमबीची फाइल जोडलेली होती आणि आमच्या ऑफिसच्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबीची, तेव्हा काळजीचं कारण नाही असं कुणालाही वाटेल. पण मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही, तिचं आधी अक्षरांत रूपांतर होतं, त्यात तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे जवळपास एक तृतीयांश वजन वाढतं. २० ची झाली २७ आणि ती बसली दारात अडकून, मागे चौदा मेल रांगेत. प्रवासात जाड झालेली बॅग आणि माणसाचं पोट यांचंही असंच असतं म्हणा. बरं, जे दोन गेले त्यातल्या दुसऱ्याला ९ एमबीचे फोटो होते, ते दोनदा चढवावे लागले! कारण मेल पाठवणारी यंत्रणा वेगळी, एसएमटीपी, आणि 'सेंट' फोल्डरमध्ये प्रत ठेवणारी वेगळी, आयमॅप, आणि या दोघींचं आपसात बोलणं नाही. एकीला दिले फोटो तरी दुसरी म्हणते मला कुठे दिलेस.

आता डिलीटचं. मी भाबडेपणाने समजत होतो की डिलीट म्हणजे डिलीट. तर नाही. आयमॅपमध्ये मेल पुसला जात नाही, त्याच्यावर 'पुसलेला' अशी खूण होते फक्त, आणि मग कधीतरी वेगळा हुकूम सुटला की खूण असलेले सगळे एकदम जातात. मी गाडीत बसून ३१२ मेल मारले नव्हते, मी ३१२ अर्ज लिहिले होते. खाली अक्षरं आली, 'सिंक होतंय, ३१२ पैकी ४', आणि फोनची बॅटरी संपली.

हरकत नाही, म्हटलं उरलेले उद्या. उद्या ऑफिसने मेलबॉक्स नवीन सर्व्हरवर हलवला. ह्यात काय झालं ते मला ऑफिसातल्या मित्राने समजावलं, हा तोच जो काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मेल वाचतो आणि आपल्याकडे जरा दयेने बघतो. तो म्हणाला, "अरे, प्रत्येक फोल्डरमध्ये प्रत्येक मेलला नंबर असतो, आणि त्या सगळ्या नंबरांवर एक शिक्का असतो की हे नंबर अजून खरे आहेत. शिक्का बदलला की तुझ्या लॅपटॉपने सगळं विसरायचं आणि पहिल्यापासून उतरवायचं." मी विचारलं, माझे ३०८ अर्ज? म्हणाला, "ते जुन्या नंबरांवर होते ना, गेले. नाहीतर जुना ४१२ पुसायला जाऊन नवा ४१२ मेला असता, तो कुणाचा असेल काय सांगता येतंय?" मुद्दा बरोबर होता आणि म्हणूनच जास्त राग आला. ११ जीबी परत उतरायला लागले, आणि ते ३०८ जण एकेक करत ठळक अक्षरांत, न वाचलेले म्हणून, इनबॉक्समध्ये परत येऊन बसले. 'शेवटचा रिमाइंडर' सगळ्यात वर.

मित्राचं म्हणणं, तू मेलडिर वापर, म्हणजे मेल साठवायची एक पद्धत. त्यात प्रत्येक मेल ही एक साधी फाइल, आणि मेल वाचला की फाइलच्या नावाच्या शेवटी एस हे अक्षर लागतं, उत्तर दिलं की आर, पुसायचा असला की टी. त्याने मला त्याचं फोल्डर दाखवलं, हजारो फाइली, सगळ्यांना एस आणि आर. माझं फोल्डर असं बघितलं तर मी आयुष्यात काय केलं ते एका ओळीत कळेल, मी विषय बदलला.

पूर्वी आयमॅपच्या जागी मेल उतरवायला पॉप नावाची पद्धत होती तेव्हा हे लचांड नव्हतं असं म्हणणारे भेटतात. होतं. पॉप १९८४ चं, त्यात मेल सर्व्हरवरून उतरवायचा आणि 'प्रत सर्व्हरवर ठेवा' हा पर्याय लावायला विसरलं की तिथून साफ. माझ्या पहिल्या नोकरीत अर्धे मेल ऑफिसच्या मशीनवर आणि अर्धे घरच्या, एका भांडणाचा प्रश्न एका ठिकाणी आणि उत्तर दुसऱ्या. म्हणून तर १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये आयमॅप आणलं, की मेल सर्व्हरवरच राहू दे, बाकीच्यांनी फक्त बघावं. कल्पना उत्तमच आहे. फक्त लॅपटॉप आणि फोन दोघांनाही वाटतं की आपण जे शेवटचं बघितलं तेच खरं, आणि त्यात मी गाडीत अधूनमधून रेंज आली की फोनवरून काहीबाही फोल्डरांत हलवत होतो, त्याचे एकेकाचे दोन-दोन झाले ते वेगळंच.

तिसऱ्या दिवशी मी त्या २० एमबीवाल्या मेलमधली फाइल काढून टाकली आणि मागचे चौदा एका दमात सुटले. त्यांच्यावर तारीख मात्र मी गाडीत लिहिलं तेव्हाची. त्यामुळे काहींच्या इनबॉक्समध्ये ते तीन दिवस खाली जाऊन बसले आणि कुणी बघितलेच नाहीत, आणि जे बघितले गेले त्यांच्यात 'हो, उद्याच्या मीटिंगला मी नक्की येतो' हे माझं उत्तर होतं, सर्वांना. बारा जणांनी विचारलं कुठली मीटिंग. एकाने परत बोलावलीसुद्धा.

आता आउटबॉक्सपुढे कंसात एक दिसतोय. तो कोणता हे मला आठवत नाही, आणि उघडायला गेलो की उघडत नाही, म्हणतो पाठवणं चालू आहे. गाडीत बाराव्या तासाच्या सुमारास मी साहेबांना काहीतरी लिहिलं होतं, फार मुद्देसूद होतं एवढं आठवतंय. लॅपटॉपचं वायफाय बंद करून ठेवलंय सध्या.