‘एका वायरसाठी दोन दिवस’: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोनच स्टार दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत, म्हणून उत्तरही नीट देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) घेत नव्हती म्हणून आमच्याकडे आणली, आम्ही ती दोन दिवस ठेवून घेतली, शेवटी एक वायर बदलली आणि वायरच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे ‘तपासणी’ म्हणून लावले. शिवाय ‘हल्ली कॉम्प्युटर लावला की पाच मिनिटांत फॉल्ट कळतो’ आणि ‘फोनवर विचारलं तर धड सांगितलं नाही’, असंही तुम्ही लिहिलंय.

तुमचा वैताग मला समजतो. आमच्याकडे येण्याआधी तुम्ही नवी बॅटरी टाकली होती, दुसरीकडे सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलून घेतले होते, आणि तरी गाडी ऐन वेळी दगा देतच होती. एवढा खर्च झाल्यावर ‘फॉल्ट वायरमध्ये होता’ असं ऐकलं तर कुणाचंही डोकं फिरेल. पण तपासणीचे पैसे आम्ही योग्यच लावलेत असं मला मनापासून वाटतं. का, ते सगळ्यांसमोर सांगतो. इतरांनाही उपयोग होईल.

ती वायर म्हणजे इंजिनची अर्थ केबल. बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेला असतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून वेगळंच. या दोघांना जोडते ती ही केबल. सेल्फला प्लस जाड केबलमधून मिळतो, पण परतीचा करंट इंजिनमधून या अर्थ केबलनं बॉडीत आणि तिथून बॅटरीत जातो. हेडलाइटच्या ५५ वॉटच्या एका बल्बला साधारण साडेचार अँपिअर लागतात. पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर घेतो, पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. म्हणून दिवे, हॉर्न, काचा, टेप सगळं ठणठणीत चालतं आणि फक्त सेल्फ अडतो. ‘बाकी सगळं चालतंय म्हणजे वायरिंग ओके’, हा निष्कर्ष इथेच चुकतो.

तुमची केबल बाहेरून पाहिली तर चांगलीच दिसत होती. नट घट्ट, वरचं आवरण शाबूत. गिअरबॉक्सकडच्या टोकाला आवरण कापून मागे सारलं तेव्हा आत हिरवी भुकटी निघाली. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवलेली असते तिथे तांब्याच्या बहुतेक तारा तुटलेल्या, मोजक्याच शिल्लक. पाणी आत शिरून तांबं गंजलं, आणि इंजिन सुरू होताना-बंद होताना जो झटका बसतो त्यानं कुजलेल्या तारा एकेक करून तुटत गेल्या. थंड इंजिनवर त्या उरलेल्या तारा कसाबसा संपर्क धरायच्या. गाडी तापली, केबल जरा सरकली की संपर्क सुटायचा. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची आणि थोडं फिरून थांबल्यावर नेमकी अडायची, ती यामुळे.

आता बॅटरीबद्दल. तुम्ही सांगितलं होतं की शेजाऱ्यांनी जम्पर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट देणारी) लावली आणि गाडी लगेच सुरू झाली, म्हणून सगळ्यांनी बॅटरीवर बोट ठेवलं. शेजाऱ्यांनी जम्प अगदी बरोबर पद्धतीनं दिला होता. मायनसचा शेवटचा चिमटा अडलेल्या गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनच्या उघड्या धातूवर लावायचा असतो, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. पण चिमटा इंजिनवर लागला आणि सेल्फला परतीचा नवा रस्ता मिळाला. खराब अर्थ केबल बाजूला पडली, गाडी सुरू झाली आणि दोष बॅटरीच्या माथी गेला. तुम्ही हा प्रसंग काउंटरवर सांगितलात तेव्हाच मी मुलांना म्हटलं होतं, आधी अर्थिंग मोजा. ग्राहकाच्या बोलण्यातला असा एखादा तपशील आमचं निम्मं काम करतो, त्यासाठी तुमचे आभार.

तुमच्या गाडीत दुसरी खूण दिव्यांची होती. बॅटरी खरंच उतरलेली असेल तर सेल्फ मारताना हेडलाइट एकदम मंद होतात, आणि बऱ्याचदा एका ‘टक’ऐवजी टकटकटक असा आवाज येतो. तुमच्या गाडीत ‘टक’ एकच यायचा आणि दिवे जसेच्या तसे प्रखर राहायचे. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये.

गाडी तापवून अडवली तेव्हाची मापं तुमच्या जॉबकार्डवर लिहिली आहेत, तीच इथे देतो. गाडी उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. चावी फिरवून धरली तेव्हा बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये १२.१. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर ठेवून पुन्हा चावी फिरवली. तिथे ०.२-०.३ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला ४.६. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या बारातले साडेचार व्होल्ट त्या कुजलेल्या टोकावरच संपत होते आणि सेल्फला उरत होते जेमतेम साडेसात. एवढ्यावर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा त्याच्यावरचा स्विच) ‘टक’ करतो, मोटार फिरत नाही. प्लस बाजूची केबलही मोजली, ती चांगली आहे. नवी अर्थ केबल टाकल्यावर तोच आकडा ०.१ आला. बॅटरीचं माप मात्र सेल्फ मारताना आता १०.६ पर्यंत खाली येतं. यानं घाबरू नका. सेल्फ आता हक्काचा पूर्ण करंट ओढतोय, म्हणून ते उतरतं. ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीची चौकशी केली असती.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकनं हीच केबल मीटरवर ‘बीप’ करून तपासली होती आणि ती चांगली निघाली होती. त्याचं बरोबर होतं, बीप येणारच. मीटर बीपसाठी अगदी नावापुरता करंट सोडतो, साधारण एक मिलिअँपिअरच्या आसपास. त्याला एक तारसुद्धा पुरते. सेल्फला १५० अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट जाताना जोडात ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी ३ व्होल्ट खाऊन टाकतो. ०.०२ ओहम साध्या मीटरवर धड दिसतही नाही. म्हणून जाड केबल लोड देऊनच मोजावी लागते, गाडीत जोडलेली असताना आणि सेल्फ मारताना. तेही फॉल्ट हजर असताना.

दोन दिवस लागले ते इथेच. तुम्ही गाडी सोडून गेलात त्यानंतर ती आमच्याकडे प्रत्येक वेळी पहिल्या सेल्फला सुरू होत होती. त्या दिवशी संध्याकाळी ‘काही नाही, टर्मिनल साफ केलेत, घेऊन जा’ असं सांगून गाडी देता आली असती. तुम्ही खूशही झाला असता, आणि पुढच्याच आठवड्यात कुठेतरी सिग्नलला अडकला असता. आम्ही ती फिरवून तापवत राहिलो, फॉल्ट प्रत्यक्ष पकडला आणि मगच हात लावला. रात्री ठेवायचं आणखी एक कारण होतं. बॅटरी उतरते अशीही तुमची तक्रार होती, त्यामुळे गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का, हेही बघणं भाग होतं. गाडी लॉक केल्यावर आतले सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. तोवर मीटर जे दाखवतो ते खरं नसतं. तुमच्या गाडीत शेवटी ३८ मिलिअँपिअर आले. साधारण ५० च्या आत असेल तर चिंता नसते, तेव्हा गळती नाही. तुम्ही बाहेरून बसवलेला रिव्हर्स कॅमेराही निर्दोष आहे.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर स्कॅनर आम्ही पहिल्याच तासात लावला होता. त्यात बरेच फॉल्ट कोड निघाले, व्होल्टेज कमी असल्याचे आणि मॉड्यूलमधला संपर्क तुटल्याचे. हे कोड वाचून कुणी ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा सेन्सर बदलायला सांगितलं असतं तर तुमचा खर्च अवाच्या सवा वाढला असता. ईसीएमला जे दिसतं तेच स्कॅनर सांगतो, आणि अर्थ केबलवर नजर ठेवणारा कोणताही सेन्सर गाडीत नसतो. व्होल्टेज ढासळलं की बिचारे मॉड्यूल एकमेकांच्या नावानं तक्रारी नोंदवतात, मूळ कारण राहतं बाजूला. केबल बदलून कोड पुसले, गाडी तापवून पुन्हा पुन्हा सुरू केली, त्यानंतर एकही कोड परत आला नाही.

फोनचा मुद्दा. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढ्यावर आम्ही काही सांगत नाही, कारण ते सांगणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजापायीच तुमची बॅटरी बदलली गेली. पण चार गोष्टी कळल्या तर फोनवरही बरंच सांगता येतं. चावी फिरवल्यावर एक टक येतो, टकटक येते की काहीच आवाज येत नाही? त्या वेळी दिवे मंद होतात का? इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, असं आहे का? चावीचा किंवा कुलपाचा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकतोय का? अजिबात आवाज नसेल तर सेल्फचा रिले (करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), इग्निशन स्विच, क्लचचा स्विच किंवा ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलचा स्विच, असा शोध सुरू होतो. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघांनाही सोडून द्यायचं आणि इंधन पंप, त्याचा रिले, क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा), इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) यांच्याकडे वळायचं. पुढच्या वेळी एवढं सांगा, मी स्वतः फोनवर बोलेन.

राहिले पैसे. बिलात केबलची किंमत वेगळी आणि तपासणीची मजुरी वेगळी लिहिली आहे, आणि काम सुरू करण्याआधी तपासणीचा आकडा तुम्हाला सांगून होकार घेतला होता. ती मजुरी केबलच्या किमतीत लपवून केबल महाग दाखवता आली असती, तर कदाचित हा रिव्ह्यू आलाच नसता. पण तसं बिल मी करत नाही. ज्यानं गाडीखाली झोपून, मापं घेऊन फॉल्ट शोधला, त्या माणसाचं काम बिलावर त्याच्या नावानंच दिसलं पाहिजे. याच कामात आम्ही एखादा मोठा पार्ट बदलला असता तर बिल याहून मोठं झालं असतं आणि कुणी प्रश्नही विचारला नसता, ही गोष्ट मला खरोखर खुपते.

तुमची जुनी केबल आम्ही गाडीचा नंबर लिहून ठेवून दिली आहे. महिनाअखेरपर्यंत कधीही या, कापलेलं टोक हातात घेऊन बघा, हवं तर घेऊन जा. जॉबकार्डची प्रतही तयार आहे. पुढच्या सहा महिन्यांत गाडी याच प्रकारे, म्हणजे एक टक करून अडली, तर तपासणीचे पैसे लागणार नाहीत. तसं झालंच तर सेल्फ सारखा मारत बसू नका, तो तापून जळू शकतो. हेडलाइट लावून एकदा चावी फिरवा, दिव्यांचं काय होतं ते बघा आणि आम्हाला फोन करा.

— गॅरेजमालक