सटवाईचे वाहन

आमच्या घरात मुलीच्या चार वर्षे आधी मांजर आले, आणि पुढे जे काही घडले त्याचे मूळ या सेवाज्येष्ठतेत आहे. जुलैतल्या एका धो धो पावसाच्या रात्री ते सोसायटीच्या मीटरच्या खोलीत ओरडत बसले होते. अंग पिवळे, शेपूट भिजून सुतळीसारखी झालेली आणि आवाज वजनाच्या चौपट. तिथे सापडले म्हणून त्याचे नाव मीटर पडले. यथावकाश तो बोका असल्याचे समजले, यथावकाश पशुवैद्यांनी त्याची नसबंदी केली, आणि ठाण्यातल्या आमच्या घरातील प्रत्येक मऊ वस्तू आपल्यासाठीच आणलेली असते अशी त्याची ठाम समजूत झाली. ती दुरुस्त करण्याची आम्हां नवरा-बायकोला तेव्हा गरज वाटली नाही.

बायकोला दिवस गेल्याचे नातेवाइकांना कळवले, तेव्हा अनेकांनी अभिनंदनाच्याही आधी "मग आता मांजराचं काय करणार?" असे विचारले. जागा एक आणि उमेदवार दोन, असा त्या प्रश्नाचा सूर होता. मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो, असे कोणी सांगितले. झोपलेल्या बाळाचा श्वास मांजर ओढून घेते, असे कोणी सांगितले. आणि एका काकांनी तर मीटरला पोत्यात घालून स्वतः घोडबंदर रस्त्यापलीकडे सोडून येण्याची तयारी दाखवली. काकांनी त्यापूर्वी आमच्यासाठी कसलीही तसदी घेतल्याचे मला आठवत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र मांजर आहे हे ऐकून चेहरा पाडला नाही. त्यांनी बायकोच्या रक्ताची एक तपासणी लिहून दिली आणि टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची हकिकत शांतपणे समजावून सांगितली. या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात हे खरे, पण ती पडल्यापडल्या बाधक नसतात. त्यासाठी त्यांना 1 ते 5 दिवस लागतात, म्हणून मांजराचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका फारसा उरत नाही. शिवाय घराबाहेर न पडणाऱ्या, कोरडे खाणे खाणाऱ्या मांजरापेक्षा अर्धेकच्चे मांस आणि नीट न धुतलेली, माती लागलेली भाजी यांचीच अधिक काळजी करावी, असेही त्या म्हणाल्या. आईला पहिली लागण गरोदरपणातच झाली तर मात्र गर्भाला इजा होऊ शकते, तेव्हा हिने ट्रेला हात लावायचा नाही. ते काम दुसऱ्या कोणीतरी करायचे. 'दुसऱ्या कोणीतरी' हे शब्द उच्चारताना त्यांनी माझ्याकडे पाहिले.

अशा रीतीने ते खाते माझ्याकडे आले. बाळंतपण झाल्यावर सवलतीचे कारण संपले, त्यालाही आता बरेच महिने लोटले. परंतु पदभार परत देण्याचा विषय मी काढला की घरात बाळ हमखास रडू लागते, आणि बायको त्याला घेऊन आत जाते.

पशुवैद्यांनी दिलेली यादी डॉक्टरीण बाईंच्या यादीहून लांब होती. रेबीजची लस, मांजरांची ती तिहेरी लस, जंतांचे औषध आणि पिसवांचा बंदोबस्त हे सगळे तारीख उलटण्याआधी करून घ्यायचे. दर पंधरवड्याला नखे कापायची. आणि घरातले बदल बाळ आल्यावर एकदम न करता दोन महिने आधीपासून थोडे थोडे करायचे, म्हणजे मांजराला त्या बदलांचा राग बाळावर काढावासा वाटत नाही. नखांचे कलम मी पहिल्याच दिवशी अमलात आणले. मीटरची दोन नखे कापून झाली तेव्हा माझ्या हातावर चार ओरखडे होते. ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचा आणि मग डॉक्टरांना दाखवायचा असतो. ती पंधरा मिनिटे मी न्हाणीघरात एकनिष्ठपणे उभा राहिलो, आणि बाहेर आठव्या महिन्यातली बायको दार वाजवत राहिली.

बाळ रडू लागले की मांजर बिचकते, म्हणून तो आवाज त्याच्या कानांवरून आधीच जाऊ द्यावा, असेही पशुवैद्यांनी सुचवले होते. मी फोनवर तान्ह्या बाळाच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण मिळवले आणि रोज संध्याकाळी मीटरच्या जेवणाच्या वेळी ते लावू लागलो. पहिल्या दिवशी अगदी हळू, मग रोज थोडे मोठ्याने. मीटरने जेवणातून मान वर काढली नाही. आठव्या दिवशी आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू हातात झबल्या-टोपड्याचे पुडके घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "अहो, कळवायचं तरी! पेढे की बर्फी?" त्यांच्यामागून माझी बायको, प्रसूतीला पाच आठवडे असलेली, बाजारातून भाजी घेऊन वर आली. काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिले, आत चाललेले रडणे ऐकले, आणि आमच्या कुटुंबाविषयी त्यांच्या मनात काय आले असेल याचा विचार मी अजूनही टाळतो.

पाळण्याच्या बाबतीत नियम असा होता की, मांजराला पहिल्या दिवसापासून तो निषिद्ध असला पाहिजे. आधी आठ दिवस झोपू देऊन मग हाकलले तर ती जागा आपलीच आहे असे त्याच्या मनात पक्के बसते. पाळणा घरी येऊन पाचच मिनिटे झाली होती आणि मीटर त्यात झोपलेला होता. त्याला उचलून मी पाळण्यात स्वयंपाकघरातला चंदेरी कागद अंथरला, कारण त्याचा चुरचुर आवाज मांजरांना सोसत नाही. मीटरने त्यावर एक पाऊल ठेवले, माझ्याकडे अत्यंत दुःखाने पाहिले आणि तो उतरून गेला. हा विजय मी बायकोला सांगायला गेलो, तर उकळून, वाळवून, घड्या घालून ठेवलेल्या दुपट्यांच्या टोपलीत तो झोपलेला होता. दुपटी पुन्हा धुतली. ती एकूण किती वेळा धुतली हे सांगत नाही. जन्माला येण्याआधीच बाळाचे कपडे विरले, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

मुलगी झाली. बर्फी वाटून झाल्यावर मी रुग्णालयातून तिचे एक वापरलेले दुपटे पिशवीत घालून घरी आणले आणि वासाची ओळख व्हावी म्हणून मीटरपुढे ठेवले. त्याने ते एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश हुंगले, एकदा शिंकला, आणि त्याच्यावर बसला.

सासूबाईंचे गुडघे दुखत असल्यामुळे बाळंतपणासाठी वाईहून बायकोची मावशी आली. मांजर ही वाघाची मावशी हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा घरात आता दोन मावश्या झाल्या, असा विनोद मी स्वागताच्या वेळी केला. मीटर बोका असल्याने त्याला फार तर वाघाचा मावसा म्हणता येईल, अशी दुरुस्तीही मीच केली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, दुपट्यावरून एक पिवळा केस चिमटीत उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "जावईबापू, हा कोणाचा?" त्रास होतो तो केसामुळे नसून मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनामुळे होतो, केस हे केवळ त्याला वाहून नेतात, असे मी सांगू लागलो. मावशींनी तो केस माझ्या तळहातावर ठेवला आणि त्या शेगडी पेटवायला निघून गेल्या.

शेगडीनेच पुढचा घोटाळा केला. मांजराला आपल्याला सोसेल त्याहून कितीतरी अधिक ऊब आवडते, आणि बाळंतिणीची खोली म्हणजे शेक, धुरी, गरम पाणी आणि बंद खिडक्या. आजवर मीटर साऱ्या घरभर विखुरलेला असे. आता त्याने आपली सर्व ध्येये त्या एका खोलीत केंद्रित केली.

पाचवीच्या संध्याकाळी मावशींनी पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवले, आणि सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येईल तेव्हा "हे ध्यान" तिथे नको, म्हणून मीटरला न्हाणीघरात कोंडले. मला राहवले नाही. सटवाई म्हणजेच षष्ठी असे मानतात, आणि बंगालात जिची पूजा होते त्या षष्ठीचे वाहन मांजरच आहे, हे मी मावशींना सांगितले. तिकडे एक व्रतकथाही आहे: घरातली धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते, चिडलेले मांजर तिची मुले एकामागून एक उचलून देवीकडे नेते, आणि सुनेने चूक कबूल केल्यावरच ती परत मिळतात. मावशींनी कथा संपूर्ण ऐकून घेतली. न्हाणीघरातून देवीचे वाहन आक्रोश करत होते. हळदकुंकू वाहता वाहता मावशी म्हणाल्या, "वाहन असेल हो. पण वाहन बाहेर लावायचं असतं."

मी गेली अनेक वर्षे वाद घालत आलो आहे. इतके स्वच्छ हरल्याचे आठवत नाही.

मात्र कथेचा परिणाम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी पाहत नाही असे समजून, मावशींनी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी वाटीभर दूध ठेवले. देवीचा रोष नको, एवढाच त्यांचा हेतू. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, त्यातली साखर पोटात बाधते, आणि मीटर या नियमाला अपवाद नव्हता. पुढचे दोन दिवस माझ्या खात्यावर कामाचा जो ताण पडला त्याचे वर्णन ललित लेखात करणे प्रशस्त नाही.

मग घंटा आली. मांजर कुठे आहे हे सतत कळावे म्हणून ती मावशींनीच मागवली. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न उंदरांना पडला होता. आमच्या घरात तो कोणालाच पडला नाही, मला हाक मारण्यात आली. पहिल्या रात्री तीन वाजता मीटर कान खाजवू लागला. घंटा वाजली, मुलगी उठली, तिच्या रडण्याने बायको उठली, मावशी उठल्या. मीटर खाजवून झाल्यावर झोपला. सकाळी मी घंटा काढली, आणि ती कुठे ठेवली हे कोणी विचारले नाही.

खरी भीती वाटली ती एकदाच, आणि तिच्यात विनोद नव्हता. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी आम्ही आणली होती आणि तिच्यावर निर्धास्तपणे विसंबलो होतो. एका दुपारी मी खोलीत गेलो तर मीटर त्या जाळीच्या माथ्यावर झोळीत निजावे तसा निजला होता आणि जाळी खाली वाकली होती. मुलगी त्या वेळी मावशींच्या मांडीवर होती, म्हणून मला उभे राहता आले. मांजर श्वास ओढून घेत नाही. पण तान्ह्या बाळाला तोंडावर आलेली वस्तू दूर सारता येत नाही, आणि उबेसाठी बाळाच्या अंगाशी येऊन झोपणाऱ्या चार-साडेचार किलोच्या प्राण्याला त्याची कल्पना नसते. सल्ला देणाऱ्या नातेवाइकांचे कारण चुकले होते, काळजी चुकली नव्हती. त्या संध्याकाळी मच्छरदाणी माळ्यावर गेली, आणि बाळ झोपलेले असताना खोलीत जागे माणूस नसेल तर दार बंद, हा नियम झाला.

बंद दाराआडचे रडणे मात्र पटकन ऐकू येईना, म्हणून सुताराकडून जाळीचा दरवाजा बसवून घेतला. "डासांसाठी ना?" त्याने विचारले. "मांजरासाठी," मी म्हणालो. त्याने मुलीकडे पाहिले, कपाटावर बसलेल्या मीटरकडे पाहिले, आणि जाड जाळीचा दर सांगितला.

सव्वा महिना झाल्यावर मावशी वाईला परतल्या. आता मुलगी सात महिन्यांची आहे, पालथी पडून सरकते, आणि हाती शेपूट लागली तर सोडत नाही. त्यामुळे मीटरने कपाटाच्या माथ्यावर कायमचा मुक्काम हलवला आहे आणि त्याच्या जेवणाची वाटीही तिथेच चढली आहे. तो खाली उतरतो ते ती झोपल्यावर, जाळीचे दार लागल्याचा आवाज ऐकून.

मावशींचा फोन दर रविवारी दुपारी येतो. दात आले का, पेज पचते का, हे विचारून झाले की त्या आवाज खाली आणून म्हणतात, "आणि वाहन? बाहेर लावलंय ना?" मी दिवाणखान्यात पाहतो. कार्यालयातल्या मित्रांनी दिलेली बाबागाडी तिथे उभी आहे. मुलगी तिच्यात बसायला तयार नाही, आणि मीटर तिच्यात चारही पाय वर करून झोपला आहे. बाहेरच लावले आहे, असे मी मावशींना सांगतो. ते दुसऱ्या वाहनात बसले आहे, हे सांगत नाही.