केस जरा कमीच द्या

विग घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला पहिलं वाक्य हेच सांगायचं, दादा केस जरा कमीच द्या. तो हसेल, कारण त्याच्याकडं येणारा प्रत्येक माणूस जास्तच मागतो. हसू दे.

परवा तासगावहून फोन आला, शाळेतल्या मैत्रिणीच्या नणंदेचा, पोरगी २८ वर्षांची. चाई पडून अर्धं डोकं मोकळं झालंय आणि मे महिन्यात घरात दिराचं लग्न. तुम्ही विग कुठं घेतला, केवढ्याला घेतला, वाऱ्यानं उडतो का, ओळखू येतो का, तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं एकदा लिहूनच टाकावं, कारण मला हे सांगणारं आधी कोणी भेटलं नव्हतं आणि जे भेटले ते पैसे घालवून झाल्यावर.

मी सांगलीत हायस्कूलला मराठी शिकवते, वय ४४. तीन वर्षांपूर्वी लेक माझे केस विंचरत होती आणि एकदम थांबली, मानेच्या वर एक रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल. मी म्हटलं कंगव्यानं तुटले असतील. महिन्याभरात तसे चार झाले. मिरजेत स्किनच्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी भिंगाचं यंत्र डोक्याला लावून स्क्रीनवर दाखवलं की चाईच्या कडेचे केस वर जाड आणि मुळाशी बारीक झालेत, म्हणाले ह्यांना उद्गारचिन्ह केस म्हणतात. वीस वर्षं पोरांच्या निबंधातली उद्गारचिन्हं खोडतेय मी, एका वाक्याला तीन-तीन देतात कार्टी, आणि आता माझ्याच डोक्यावर शंभर उगवलेली. तिथंच हसले, डॉक्टरांना वाटलं बाई हादरल्यात.

आजाराचं नाव अ‍ॅलोपेशिया अरिएटा. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच केसांच्या मुळांवर उलटते. मूळ मरत नाही त्यामुळं केस परत येऊ शकतात, पण कधी आणि किती ते कोणी लिहून देत नाही. संसर्गजन्य तर अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते कारण हळदीकुंकवाला एका बाईनं माझ्या हातून तिळगूळ घेतला आणि हळूच पर्समध्ये टाकला, मी बघितलं ना. डोक्यात स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली, बारीक बारीक, एका वेळी वीस-पंचवीस टोचण्या. आता जॅक इन्हिबिटर म्हणून गोळ्या आल्यात, त्यातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ साली या आजारासाठी मान्यता मिळाली, पण रक्त वरचेवर तपासावं लागतं आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या. कांदा चोळ, लसूण चोळ, गुंजेचा पाला, आणखी काय काय ते मी सगळं ऐकलं आणि लसणाचं तर केलंही, डोकं भाजलं, पुढं काही नाही. सहा-सात महिन्यांत सगळेच गेले. भुवयांसकट.

मग सुरू झालं बघा. भाजी मंडईत, रिक्षात, बँकेत, प्रत्येकाचा एकच प्रश्न, केमो चालूय का? नाही म्हटलं तर आणखी वाईट बघतात, म्हणजे ही लपवतेय. आपल्या भाषेत पुरुषाला टकला म्हणणं म्हणजे चेष्टा आणि बाईला बोडकी म्हणणं म्हणजे शिवी, कारण त्या शब्दामागं केशवपन केलेल्या विधवा उभ्या आहेत. मला तोंडावर कोणी म्हटलं नाही. पण गल्लीतल्या एका आजींनी कपाळाकडं बघून, कुंकू आहे याची खात्री करून मग बोलायला सुरुवात केली, ते पुरेसं होतं.

तर पहिला विग ऑनलाइन. १८०० रुपये. फोटोत मॉडेलच्या कमरेपर्यंत केस, मीही तेच मागवले, आयुष्यात माझे केस कधी कमरेपर्यंत नव्हते पण आता मिळतायत तर का सोडा. पार्सल उघडलं तर बाहुलीचे केस, उजेडात चमचम. तरी घातला आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी तव्यावरची भाकरी गॅसवर टाकली, ती फुगली का बघायला वाकले आणि पुढची बट चर्र करून आक्रसली. पेटली नाही, वितळली. पॉलिस्टरची साडी इस्त्रीखाली जळाल्यावर येतो तो वास. नशीब कपाळाला काही झालं नाही. सिंथेटिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचा धागा, गॅस, कढई, कुकरची वाफ सगळं त्याचं वैरी, आणि आपल्याकडं बाई दिवसातले चार तास त्यांच्यासमोरच उभी. सिंथेटिक वाईट नसतो, चांगल्या कंपनीचा असेल तर धुतल्यावर जसाच्या तसा बसतो आणि स्वस्त पडतो. फक्त त्याला घालून स्वयंपाकघरात जायचं नाही आणि रोज वापरलात तर चार-सहा महिन्यांत टोकं पिंजारतात हे धरून चालायचं.

त्या रात्री मी रडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, ट्रंक ओढल्याचा आवाज आला आणि एक वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आल्या. आत डांबरगोळी आणि त्यांचं गंगावन. काळं, हातभर, वर दोऱ्यानं गच्च बांधलेलं, मला वाटतं लग्नातलंच असावं. म्हणाल्या, "आमी काय समद्या केसाच्या राण्या हुतो व्हय? गंगावन घातल्याबिगर खोपा व्हायचाच न्हाई. कोण इचारत नव्हतं तुजं किती आन् इकतचं किती." मी ते हातात धरून बसले. पन्नास-एक वर्षांपूर्वी जे प्रत्येक घरात होतं, ज्याची कुणाला लाज नव्हती, त्याचंच नाव विग झालं की तोंड का लपवायचं हे मला खरंच कळलेलं नाही. पण सासूबाईंचं एक वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "आपल्या केसाला जुळंल एवढंच घ्यावं."

मग पुणे. पहाटेची एसटी, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हे सुट्टी टाकून बरोबर. दुकानात पडदा लावलेली खोली आणि चारी बाजूंना आरसे, एवढे आरसे कशाला ठेवतात देव जाणे. पोरगा बोलायला गोड. पहिल्यांदा टेपनं डोकं मोजलं, कपाळाच्या वरून, कानाच्या मागून, मानेच्या खालून गोल, साडेएकवीस इंच. तयार विग बहुतेक साडेबावीसच्या आसपास असतात, म्हणून माझा ऑनलाइनवाला सारखा सरकायचा. आतल्या पट्ट्या हुकानं आवळता येतात हे मला तिथं कळलं. घरून मोजूनच जा, टक्कल पडल्यावर डोक्याचं माप जरा कमी भरतं.

मग जाळीचं. सगळ्यात स्वस्तात पट्ट्या शिवलेल्या असतात, मशीनवर, त्यात भांग पाडला की शिवण दिसते. त्याच्या वरचं मोनोफिलामेंट, दुकानात नुसतं मोनो म्हणतात, पातळ जाळीत एकेक केस हातानं गाठ मारून बसवलेला, त्यातून आपली कातडी दिसते त्यामुळं भांग खरा वाटतो. आणि पुढं कपाळावर लेस, म्हणजे जाळीचीच पट्टी, असेल तर केस मागं घेता येतात, नाहीतर जन्मभर बट पुढं पाडून फिरा. मला शाळेत केस मागं घ्यायची सवय, म्हणून लेस आणि वर मोनो, बाकी मशीनचं, असं ठरलं. पूर्ण डोकं हाताचं घेतलं तर किंमत कुठच्या कुठं जाते, आणि मागच्या बाजूला कोण बघतंय.

केसांचं तर वेगळंच पुराण. पोरगा म्हणाला मॅडम तिरुपतीचे केस आहेत. असतीलही. तिथं देवाला वाहिलेले केस देवस्थान लिलावानं विकतं हे खरंच आहे, पण प्रत्येक दुकानदार तिरुपतीच म्हणतो. विचारायचं ते रेमी आहेत का. केसावर बारीक खवले असतात, घराच्या कौलांसारखे, मुळाकडून टोकाकडं उतरत गेलेले. डोक्यावरून एकदम कापलेले केस एकाच दिशेनं ठेवले तर ते रेमी, गुंतत नाहीत. दुसरे म्हणजे कंगव्यातले. आठवतंय का, गल्लीत ओरडत यायचे, केसावर फुगेऽऽ, आणि आपण आईच्या कंगव्यातला गुंता नेऊन द्यायचो? तो गुंता सोडवून त्याचेही विग होतात. त्यात मुळं-टोकं उलटसुलट, म्हणून अ‍ॅसिडनं खवले काढतात आणि वर सिलिकॉन चढवतात, दुकानात रेशमासारखे लागतात आणि पाच-सहा धुण्यांत झाडू. बट चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडं बोट उलटं फिरवा, थोडं खरखरीत लागलं तर खवले आहेत, चांगली गोष्ट. दोन्हीकडून बुळबुळीत लागलं तर सावध. लहानपणी फुगा मिळाला म्हणून नाचलेली मी, त्याच मालाचे पैसे मोजायला निघाले होते, गंमत आहे.

शेवटी डेन्सिटी. इथंच चुकले. शंभर टक्के, एकशेतीस, एकशेपन्नास असे आकडे असतात, म्हणजे केस किती दाट. पोरगा म्हणाला एकशेपन्नास घ्या, शोभून दिसतं, आणि मीही घेतलं, कारण वर्षभर टक्कल बघितलेल्या बाईला कमी केस घ्या म्हणणारा तिथं कोणीच नव्हता. रंग पण गडद काळा. खांद्यापर्यंत, २६००० रुपये. आमच्या दोघांच्या एका लांब ट्रिपचे पैसे.

सोमवारी शाळेत गेले. स्टाफरूममध्ये सगळ्या गप्प. एक बाई म्हणाल्या छान दिसताय हं, आणि ते हं मला आजपर्यंत ऐकू येतंय. सातवीतली एक पोरगी मात्र सरळ म्हणाली, बाई तुम्ही टीव्हीतल्या वाटायलाय. आरशात बघितलं तर खरंच, चाळिशी ओलांडलेल्या बारीक चेहऱ्यावर नव्या नवरीचे केस, कपाळावर रेघ मारल्यासारखी सुरुवात, एक केस पांढरा नाही. कोणीही सांगेल टोप आहे.

टोप हा शब्द मला दिला तो नाटकवाल्या काकांनी. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं सीता स्वयंवर केलं तेव्हापासून, आणि नागठाण्याचे बालगंधर्व तर आपलेच, तेव्हा या गावाला खोट्या केसांचं वावडं असायचं कारण नाही. हे काका हौशी नाटकांचं मेकअपचं काम करायचे, आता सत्तरी ओलांडलेली, आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही यायचे. त्यांच्याकडं पिशवीत विग घेऊन गेले. त्यांनी तो मुठीवर चढवला, फिरवून बघितला आणि म्हणाले, "बाई, माल चांगला हाय, पण केस जास्त झाल्यात. प्रेक्षकाला टोप कळतो तो खोटा असतो म्हणून न्हाई, जास्त असतो म्हणून. माणसाचा केस कुठंतरी विरळ असतोच की."

मग दीड तास काम चाललं, मी समोर स्टुलावर. चिमट्यानं कपाळाजवळचे केस एकेक उपटले, सरळ ओळीत नाही, इथला एक, तिथले दोन, मध्येच सोडून. कानाजवळ जास्त. मला धडधडायला लागलं, २६००० उपटतायत म्हणून. मग दातेरी कात्रीनं आतून आतून विरळ केले, वरून काही कळत नव्हतं पण खाली वर्तमानपत्रावर ढीग पडत होता. भांगात बोटानं कॉम्पॅक्ट पावडर दाबली, जाळीच्या गाठींचे काळे ठिपके दबले. शेवटी कानशिलाजवळ चार-पाच पांढरे केस सुईनं गाठ मारून बसवले, कुठून आणले विचारलं तर म्हणाले हे आमच्या भीष्माच्या टोपातले. पैसे घेईनात. शेवटी चितळे बाकरवडीचं पाकीट ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी कोणी काहीच बोललं नाही. काहीच नाही. त्या दिवसासाठी मी २६००० मोजले होते खरं तर.

बाकीचं पटकन सांगते. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आत सुती टोपी पाहिजेच, नायलॉनची बाजारात मिळते तिनं खाज सुटते. मी जुन्या धोतराच्या चार शिवून घेतल्या, रोज एक धुवायची. विग दहा-बारा वेळा घातल्यावर एकदा धुते, गार पाणी, सौम्य शाम्पू, पिळायचा नाही, टॉवेलात दाबायचा आणि सावलीत स्टँडवर, माझा स्टँड म्हणजे पाच लिटरच्या तेलाच्या कॅनवर उलटं पातेलं. उन्हात वाळवला की तांबूस होतो. घरी आल्यावर काढून ठेवते, घरच्यांसाठी कशाला.

आणि गाडीवर हेल्मेट हळू काढा. मी विश्रामबागला पेट्रोल पंपावर घाईत काढलं, विग आतच राहिला. मी टक्कल घेऊन उभी, हातात हेल्मेट, त्यात केस. पंपावरचा पोरगा वीस-बावीसचा असेल, त्यानं एकदा बघितलं आणि विचारलं, मॅडम फुल्ल करू का? मी म्हटलं कर. पाच मिनिटं हसत होते गाडीवर, मग आठवलं की विग अजून हेल्मेटातच आहे.

आता मागच्या बाजूला लव आलीय, पांढरी, परत येणारे केस बऱ्याचदा आधी पांढरेच येतात म्हणे. येऊ देत. लेक त्यावरून हात फिरवते, ससा म्हणते.

तासगावच्या पोरीबरोबर रविवारी मीच पुण्याला चाललेय. तिला सांगितलंय डोकं मोजून ये, आणि जुना फोटो आण. तिनं लग्नातला पाठवला, पार्लरवाला. म्हटलं हा नको गं, एखाद्या मंगळवारी कपडे वाळत घालताना कोणीतरी काढलेला असेल तर बघ.