शूटिंगचे हेलिकॉप्टर आणि खालचे नागपूर

आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परदेशातील एका चित्रीकरणाचा व्हिडिओ फिरत होता. उंच इमारतींच्या मधून, खिडक्यांच्या पातळीवर हेलिकॉप्टर जाते आणि खाली गाड्यांचा पाठलाग चालतो, असे ते दृश्य होते. त्याखाली बहुतेकांनी एकच सूर लावला होता की वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर असे काही चित्रित झाले तर नागपूरचे नाव होईल. मी तिथे उत्तर लिहायला घेतले, ते लांबत गेले, म्हणून इथे लिहितो आहे.

आधीच सांगतो, नागपुरात चित्रपट आणि वेब सीरिज बनाव्यात, इथल्या मुलांना त्यात काम मिळावे, असे मलाही मनापासून वाटते. माझा विरोध फक्त एका गोष्टीला आहे. शॉटसाठी भरवस्तीवरून कमी उंचीवर हेलिकॉप्टर उडवू नये.

शहराच्या दाट वस्तीवरून उडताना ६०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १००० फूट वर राहावे, असा दृश्य-नियमांनुसार, म्हणजे वैमानिक बाहेर डोळ्यांनी पाहत करतो त्या, उड्डाणांचा दंडक आहे. उतरणे आणि उड्डाण घेणे याला तो लागू नाही, आणि सक्षम अधिकाऱ्याने परवानगी दिली तर त्यातून सूट मिळते. शूटिंगचा सगळा खेळ या सवलतीवर चालतो.

हा दंडक कशासाठी आहे, हे इंजिन बंद पडल्यावर कळते. इंजिन गेले म्हणून हेलिकॉप्टर लगेच दगडासारखे कोसळत नाही. वैमानिक पंख्याच्या पात्यांचा कोन कमी करतो, खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि त्या फिरण्याच्या जोरावर जमिनीजवळ वेग मोडून उतरता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. पण त्यासाठी हाताशी उंची तरी हवी, नाहीतर पुढे जाण्याचा वेग तरी हवा. दोन्ही नसतील अशा टापूला वैमानिक ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात, आणि प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत तो आलेख छापलेला असतो. आता दिग्दर्शकाला काय हवे असते ते पाहा. हेलिकॉप्टर खाली हवे, संथ हवे आणि जमल्यास एका जागी तरंगते हवे. म्हणजे जो टापू वैमानिकाने टाळायचा, नेमका तोच कॅमेऱ्याला लागतो.

लंडनमध्ये एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरांना शहराच्या मध्यभागातून जाताना थेम्स नदीचा मार्ग धरावा लागतो, कारण इंजिन बंद पडले तर खाली लोक नसलेली जागा असावी. आपल्याकडे नाग नदी आहे, पण तिच्या काठाला घरे किती दाट आहेत हे तिथून एकदा चालून आलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

तारांविषयी मी थोडे अधिकाराने बोलू शकतो, कारण माझ्या नोकरीची बरीच वर्षे विजेच्या पारेषण वाहिन्यांच्या कामात गेली. वरून पाहताना तार दिसत नाही. खालून पाहणाऱ्याला ती आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी रेघ म्हणून स्पष्ट दिसते, परंतु वरून पाहताना तिच्यामागे छपरे, झाडे आणि रस्ते असल्यामुळे ती त्यांत विरून जाते. म्हणून हवाई पाहणी करताना नजर टॉवरवर ठेवायची, तार कुठून कुठे जात असेल हे टॉवरवरून ओळखायचे, असे शिकवले जाते. त्यातही सर्वांत फसवी असते ती अर्थ वायर. वीज वाहून नेणाऱ्या जाड तारांच्या वर, टॉवरच्या अगदी शेंड्याशी, वीज कोसळण्यापासून संरक्षण म्हणून एक बारीक तार ओढलेली असते. जाड तारा ऐनवेळी दिसल्या म्हणून वैमानिक हेलिकॉप्टर वर उचलतो आणि या बारीक तारेत अडकतो, असे अपघात जगभर झालेले आहेत. पारेषण वाहिन्यांची पाहणी हेलिकॉप्टरने होते हे खरे, पण तिथे वाहिनी हाच कामाचा विषय असतो आणि तिचा नकाशा पुढ्यात असतो. शूटिंगच्या वैमानिकाचे अर्धे लक्ष पाठलागाच्या गाडीवर आणि कानात पडणाऱ्या सूचनांवर असते.

कोराडी आणि खापरखेडा येथील वीज केंद्रांमुळे नागपूरभोवती उच्चदाब वाहिन्यांचे दाट जाळे आहे, आणि या वाहिन्यांखाली उभ्या राहिलेल्या घरांचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जाऊन आलेला आहे. ज्या डबल डेकर पुलाची ग्रुपवर एवढी चर्चा झाली, त्याच्या वरच्या मजल्यावर मेट्रो धावते आणि तिच्या डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. गाड्या धावतात त्या जमिनीवरचा रस्ता आणि मेट्रो यांच्या मधल्या मजल्यावरून. त्यामुळे थेट वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला त्या बऱ्याचशा मेट्रोच्या मार्गाखाली झाकलेल्या दिसतील. पाठलाग नीट टिपायचा तर हेलिकॉप्टरला बाजूने, म्हणजे दोन्ही कडेच्या इमारतींच्या रांगेत, खाली यावे लागेल. ज्यांना तो शॉट हवा आहे त्यांनी हे एकदा तिथे उभे राहून पाहावे.

उन्हाळ्याचेही गणित आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरच्या दृष्टीने ते जवळपास ५००० फुटांवर, म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर, उडत असते. एका जागी तरंगायला ताकद सर्वांत जास्त लागते आणि त्याच वेळी ती कमी मिळते.

‘पण वैमानिक अनुभवी असतो’ हे उत्तर मला ठाऊक आहे. २३ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात ‘ट्वायलाइट झोन’ या चित्रपटाचे रात्रीचे चित्रीकरण चालू होते. वैमानिक व्हिएतनाम युद्धात उडवून आलेला होता. हेलिकॉप्टर जमिनीपासून जेमतेम २५ फुटांवर होते, दृश्यासाठी पेरलेल्या स्फोटकांनी त्याच्या शेपटीच्या पंख्याला इजा झाली आणि ते खाली आले. खाली अभिनेते विक मॉरो दोन लहान मुलांना घेऊन नदीतून चालत होते. एक मूल सहा वर्षांचे होते, दुसरे सात वर्षांचे. तिघेही जागीच गेले. बालकामगारांविषयीचे नियम चुकवून त्या मुलांना रात्री कामावर आणले होते. दिग्दर्शक आणि इतर चौघांवर खटला चालला आणि १९८७ मध्ये सर्व जण निर्दोष सुटले. मला या प्रकरणातली एक गोष्ट विसरता येत नाही. हेलिकॉप्टरमधील सहाही जण वाचले, मेले ते खालचे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उडी घेतलेले दोन अभिनेते बुडून मरण पावले. मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये दारे उघडी ठेवून छायाचित्रे काढण्यासाठी निघालेले हेलिकॉप्टर उतरवावे लागले, कारण एका प्रवाशाच्या सुरक्षा-पट्ट्याची दोरी इंधन बंद करण्याच्या दांडीत अडकली होती. वैमानिकाला नदी गाठता आली, पण त्याच पट्ट्यांतून सुटका करून घेता न आल्याने पाच प्रवासी बुडाले. प्रवासी उड्डाणांना लागू असणारे कडक नियम त्या उड्डाणाला लागू नव्हते, कारण कागदावर ते ‘हवाई छायाचित्रण’ होते. ‘शूटिंग आहे’ म्हटले की नियम सैल होतात, ही वृत्ती आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

या अपघातांत सापडलेली प्रौढ माणसे निदान आपण होऊन तिथे आलेली होती. धंतोलीत आणि रामदासपेठेत ओळीने रुग्णालये आहेत. रुग्णालयाभोवतीचे १०० मीटर आपण कायद्याने शांतता क्षेत्र मानतो, तिथे हॉर्न वाजवायला बंदी आहे, आणि वरून पंख्याचा घणाघात झाला तर मात्र ते शहराचे नाव होणे! अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसाने कोणत्या कागदावर सही केलेली असते?

ग्रुपवर कोणी तरी मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरचा आणि वायुसेनानगरातल्या विमानांच्या कसरतींचा दाखला दिला. मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरण्यापुरते खाली येते, गाडीमागे गल्लीबोळांत फिरत नाही. कसरतींचे क्षेत्र आधी आखलेले असते आणि प्रेक्षक कुठवर थांबतील हेही ठरलेले असते.

ड्रोनचा पर्याय आता हाताशी आहे. चित्रपटाच्या दर्जाचा कॅमेरा उचलणारा ड्रोन २५ किलोंच्या आतला असू शकतो. शूटिंगला सर्रास वापरले जाणारे एका इंजिनाचे हेलिकॉप्टर पूर्ण भरल्यावर सव्वादोन टनांपर्यंत जाते. ड्रोनही पडतो, त्यानेही माणूस जखमी होतो, पण तो पडल्याने घर पेटत नाही. सोनेगावचे विमानतळ जवळ असल्यामुळे वर्धा रोडच्या बऱ्याच भागात ड्रोनलाही हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागेल, आणि ती लागावीच.

एखाद्या दृश्याला हेलिकॉप्टरच हवे असेल तर रविवारी पहाटे, रस्ता पूर्ण बंद करून, दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर घेऊन, आसपासच्या घरांना मराठी आणि हिंदीत आगाऊ लेखी कळवून ते करावे. शिवाय अर्जासोबत नकाशा असावा आणि मार्गावरच्या प्रत्येक टप्प्यावर इंजिन गेले तर हेलिकॉप्टर कुठे उतरेल, ते मैदान त्यावर दाखवलेले असावे. उड्डाण संपेपर्यंत ते मैदान पोलिसांनी रिकामे ठेवावे. सीताबर्डीवर शूटिंग असेल तर कस्तुरचंद पार्क किंवा यशवंत स्टेडियम दाखवता येईल. डबल डेकर पुलासाठी मी नकाशा उघडून बसलो, तर अजनी चौकापासून पुढे मला नाव घेण्यासारखी मोकळी जागा सेंट्रल जेलच्या आवाराचीच दिसली. दुसरी कोणाला सापडली तर कृपया खाली लिहावी.